दंडावरील अक्षरे

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांच्या जगात पोलिसी दंडुक्यांचा, आणि त्यांतही कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी तो दिला याचा लेख ज्यांवर कोरलेला आहे अशा दंडुक्यांचा, छंद जोपासणाऱ्यांचा एक लहानसा परंतु निष्ठावंत पंथ आहे. या पंथाचे मूळ इंग्लंडात असले, तरी ज्या प्रश्नातून तो उद्भवला तो प्रश्न केवळ इंग्लंडचा नव्हे. कारण राज्य कोणाचेही असो, त्या राज्याचा हुकूम घेऊन दाराशी आलेल्या माणसाजवळ तो हुकूम खरा असल्याची काय खूण आहे, हे विचारण्याची गरज रयतेला सर्वत्र आणि सर्व काळी पडत आली आहे. बीड जिल्ह्यात, नगद नारायण महाराजांचे संस्थान असलेल्या आणि वारकऱ्यांनी ‘धाकटी पंढरी’ म्हणून गौरविलेल्या नारायणगडाच्या परिसरात या विषयाचा विचार करावयाचा म्हटले, तर इंग्रजी पद्धतीचे रंगविलेले दंडुके येथे हाती लागण्याचा संभव नाही. मात्र अधिकाराची काठी, अधिकाराची पितळी पाटी आणि त्यांवरील अक्षरे यांचा प्रदीर्घ इतिहास या प्रदेशाने निजामशाही, मोगलाई आणि आसफजाही अशा एकामागून एक आलेल्या राजवटींत अनुभवलेला आहे. त्या इतिहासाच्या दृष्टीने या छंदाची व्याप्ती, त्यातील फसगती, त्यास लागू होणारे कायदे आणि त्याचे खरे प्रयोजन यांचा आढावा घेण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम मूळ विलायती प्रकाराकडे वळू. सर रॉबर्ट पील यांच्या १८२९ च्या कायद्याने लंडन शहरास नियमबद्ध पोलीस दल मिळाले. परंतु त्याच्या पूर्वीपासूनच तेथील पॅरिशांचे कॉन्स्टेबल आपल्या हुद्द्याची निशाणी म्हणून रंगविलेला लाकडी दंड जवळ बाळगीत. ओळखपत्रे निघण्यापूर्वीच्या त्या काळात दंडावरील राजमुकुट आणि राजाची आद्याक्षरे हीच अटकेच्या अधिकाराची सनद होती, आणि वरिष्ठांजवळ असणाऱ्या आखूड, पितळी मुकुट बसविलेल्या दंडांपैकी काही आतून पोकळ असून त्या पोकळीत वॉरंटाचा कागद गुंडाळून ठेवण्याची सोय असे. चौथ्या विल्यमची कारकीर्द १८३० ते १८३७ इतकीच असल्याने त्याची अक्षरे असलेला दंडुका आपोआप सात वर्षांच्या मर्यादेत बसतो, तर व्हिक्टोरियाची अक्षरे त्रेसष्ट वर्षांच्या विस्तीर्ण काळात कोठेही असू शकतात. १० एप्रिल १८४८ रोजी मताधिकाराची मागणी करणाऱ्या चार्टिस्टांच्या सभेच्या धास्तीने लंडनमध्ये हजारो प्रतिष्ठित नागरिकांना तात्पुरते कॉन्स्टेबल नेमण्यात आले, आणि अशा प्रसंगांची आठवण म्हणून पुष्कळांनी आपापले दंडुके घरी जपून ठेवल्याने पुढील संग्राहकांची मोठी सोय झाली. हॉबर्नच्या पार्करसारख्या कारागिरांचा शिक्का, लाकडाची जात, रंगाचे थर आणि निवृत्तिप्रसंगी सहकाऱ्यांनी बसविलेले चांदीचे कडे, या सर्वांवरून तेथे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले असून, फेन क्लार्क यांचा १९३५ चा आणि डिकन यांचा १९५२ चा ग्रंथ त्या शास्त्राचे आधारस्तंभ मानले जातात.

हे सारे हिंदुस्थानात आले, परंतु ते जसेच्या तसे रुजले नाही. १८६१ च्या पोलीस कायद्याने बहुतेक ब्रिटिश मुलखात पोलिसांची जी घडण केली, आणि मुंबई इलाख्यात १८६७ चा ग्रामपोलीस कायदा व १८९० चा जिल्हा पोलीस कायदा यांनी जी व्यवस्था लावली, तिच्यात सामान्य शिपायाच्या हाती आली ती भरीव बांबूची, टोकास लोखंडी शेंबी बसविलेली लाठी. ही लाठी सरकारी भांडारातून येई, फुटली की बदलली जाई आणि घुणाने खाल्ली की चुलीत जाई. तिच्यावर फार तर एखादा क्रमांक जाळून उमटविलेला असे, कोणाचे नाव असण्याचे काही कारण नव्हते. १९३० च्या मे महिन्यात धारासणेच्या मिठागरापाशी निःशस्त्र सत्याग्रहींच्या मस्तकांवर ज्या लाठ्या कोसळल्या, त्यांचे वर्णन जगभरच्या वृत्तपत्रांत छापले गेले. पण त्यांपैकी एकीवरही ती कोणी कोणास दिली याचा लेख असणे शक्य नव्हते. येथे पहिला सिद्धान्त सहज हाती येतो, तो असा की, आपल्याकडे मारण्याची काठी निनावी राहिली आणि दाखविण्याच्या काठीवर मात्र नावे कोरली गेली.

दाखविण्याची काठी म्हणजे चोपदाराची काठी. दरबारात भालदार-चोपदार ललकारी देत पुढे चालत, तेव्हा चांदीचा पत्रा मढविलेला तो उंच दंड कोणाच्या पाठीवर बसण्यासाठी नव्हे, तर मागून येणाऱ्या सत्तेची पूर्वसूचना देण्यासाठी असे. पेशवाई बुडाली, संस्थाने उरली आणि पुढे तीही विलीन झाली, तरी ही काठी महाराष्ट्रात एका ठिकाणी आजही आपले काम अबाधितपणे करीत आहे, आणि ते ठिकाण म्हणजे पंढरीची वाट. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस आजची शिस्त लावून दिली, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून तिला अश्व व तंबू मिळू लागले, आणि दरबारी लवाजम्याचे हे रूप भक्तीच्या सेवेस लागले. मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की लाखो माणसांचा तो कोलाहल क्षणार्धात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने तेवढे टाळ वाजवीत राहावयाचे, चोपदाराने तिकडे जाऊन निवाडा करावयाचा आणि मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दी द्यावयाची, असा तेथला दंडक आहे. एकही फटका न मारता एवढा जनसमुदाय आवरणारी ही काठी पोलिसी दंडुक्याची थोरली बहीणच म्हणावी लागेल. मराठवाड्यातील गडांच्या आणि मठांच्या ज्या दिंड्या आषाढीस पंढरपुराकडे निघतात, नारायणगडाची दिंडी ज्यांत आहे, त्यांच्याकडील दंड, अब्दागिरी, चवऱ्या यांसारख्या वस्तूंकडे संग्राहकाने या दृष्टीने पाहावयास हवे. देवस्थानास अर्पण केलेल्या चांदीच्या वस्तूंवर दात्याचे नाव, गाव, शक, कधी संवत्सराचे नाव, तर कधी चांदीचे वजन तोळ्यांत कोरण्याची आपली जुनी चाल आहे. इंग्रजी दंडुक्याच्या चांदीच्या कड्यावर जो मजकूर असतो, तोच येथे नम्रतेच्या भाषेत असतो, आणि देणाऱ्याचा मान घेणाऱ्याच्या चरणी ठेवलेला असतो, एवढाच काय तो फरक.

दुसरी वस्तू चपरास. कमरेच्या किंवा खांद्याच्या पट्ट्यावर बसविलेली पितळी पाटी हे कचेरीच्या शिपायाचे ओळखपत्र होते, आणि मामलेदार, मुन्सफ, जंगलखाते वा लोकल बोर्ड यांपैकी ज्या कचेरीचा तो नोकर असेल तिचे नाव त्या पाटीवर कोरलेले असे. मराठवाड्यात या पाट्यांची भाषा निराळी होती. दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून हैदराबाद राज्याचा कारभार नव्याने बांधला, तेव्हापासून अव्वल तालुकदार, तहसीलदार, पोलिसांतील मोहतमीम, अमीन व जमादार हे हुद्दे या मुलखाच्या कानांत बसले. दप्तराची भाषा प्रथम फारसी आणि १८८० नंतरच्या दशकात उर्दू झाली. आणि गावपातळीवर वसुलीचा माली पाटील वेगळा व बंदोबस्ताचा पोलीस पाटील वेगळा अशी विभागणी राहिली. म्हणून बीड, अंबाजोगाई किंवा गेवराईकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात सापडणारी चपरास बहुधा नस्तालीक लिपीत आणि फसली सनात बोलते, आणि मोडी वाचणारा वृद्ध जसा आता दुर्मीळ झाला आहे, तसा ती पाटी वाचणाराही दुर्मीळ झाला आहे.

या वस्तू येथे थोड्या का उरल्या, याचे कारण राजकीय आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्ध सुरू झालेली पोलीस कारवाई १७ सप्टेंबरला संपली, आणि आसफजाही चिन्हांचे अधिकारमूल्य त्या पाच दिवसांत नाहीसे झाले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तेव्हा हैदराबाद राज्याच्या नावाच्या पाट्याही कालबाह्य झाल्या. केवळ बारा वर्षांत एकाच कचेरीची निशाणी तीनदा बदलली, आणि प्रत्येक वेळी जुने पितळ मोडीत गेले. इंग्लंडात दंडुका शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात लटकला, कारण तेथे राजवट तुटली नाही. येथे जुन्या राजवटीची निशाणी घरात ठेवणे कित्येकांना अडचणीचे, तर कित्येकांना तिरस्करणीय वाटले असल्यास नवल नाही.

या आढाव्यात एक काठी अशी आहे की, जिच्यावाचून बाकी सर्व विवेचन एकांगी ठरेल. गावगाड्यात येसकराच्या पाळीवर असलेल्या महाराच्या हाती घुंगरू लावलेली काठी असे. सरकारी पट्टी पोहोचविणे, गुन्ह्याची वर्दी देणे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे, रात्रीचा पहारा ठेवणे, ही पोलिसी कामेच होती. परंतु ती करणाऱ्यास वेतनाऐवजी भाकरी व बलुते मिळे, आणि काठीवरील घुंगरू मानाचे म्हणावेत तर त्याच काठीच्या धन्यास गावाची शिवाशिव भोगावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते याच जोखडातून मुक्ततेसाठी, आणि १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला. ज्यांनी ती काठी टाकली, त्यांनी ती मुद्दाम टाकली. म्हणून अशी काठी एखाद्या घरी असलीच, तर तिच्याकडे ‘दुर्मीळ वस्तू’ म्हणून पाहण्यापूर्वी संग्राहकाने तिच्या धन्याचे म्हणणे ऐकावे, आणि ते न ऐकता तिची किंमत करू नये. तिच्यावर एकही अक्षर कोरलेले नसते. तिचा लेख माणसांच्या स्मृतीतच असतो, आणि तो कागदावर उतरविणे हेच तेथे संग्रहाचे खरे कार्य होय.

आता सन्मानार्थ दिलेल्या दंडाविषयी. आपल्याकडे पराक्रमी किंवा इमानी नोकराचा गौरव करावयाचा तो पागोटे, शेला, कडे, तलवार, सनद किंवा इनाम जमीन देऊन; काठी देऊन गौरव करण्याची रूढी फारशी नव्हती. ब्रिटिश अमदानीत १९०९ मध्ये राजाच्या नावाचे पोलीस पदक सुरू झाले आणि सन्मानाची अक्षरे लाकडावरून धातूच्या चकतीवर आली. अधिकाऱ्यांच्या बदलीच्या वा निवृत्तीच्या वेळी चांदीच्या मुठीची छडी नजर करण्याची इंग्रजी रीत छावण्यांतून आणि क्लबांतून पसरली खरी, आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात आज ज्या लेखयुक्त छड्या येतात, त्यांत याच प्रकारच्या वस्तूंचा विचार करावयाचा असतो. या परंपरेचा सर्वांत प्रतिष्ठित वारसा आज हैदराबादेतच आहे : सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत सर्वोत्कृष्ट ठरणाऱ्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यास पंतप्रधानांचे बॅटन देण्यात येते. सालारजंगांनी जेथून पोलीस कारभाराची घडी बसविली, त्याच शहरात स्वतंत्र भारताचा सन्मानदंड दिला जातो, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

लेख वाचण्याच्या शास्त्राकडे आता वळू, कारण संग्रहाचे सारे यश त्यावर अवलंबून आहे. मराठवाड्यातील वस्तूवर सन असेल तर तो फसली, हिजरी, शक, शुहूर किंवा इसवी यांपैकी कोणताही असू शकतो. हैदराबादी फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो, आणि फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीस, आरंभ होत असल्याने जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. त्या हिशेबाने पोलीस कारवाईचा सप्टेंबर १९४८ हा फसली १३५७ मध्ये पडतो. मराठेशाहीच्या कागदांतील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे. शकाबरोबर संवत्सराचे नाव दिले असेल तर ती देवाने दिलेली कसोटीच समजावी : शके १८७० हे सर्वधारी संवत्सर होते, तेव्हा त्या शकापुढे दुसरेच नाव आढळल्यास कोरणाऱ्याची चूक झाली आहे किंवा विकणाऱ्याने लबाडी केली आहे. ब्रिटिश मुलखातील वस्तूंवर राणीची केवळ ‘व्ही. आर.’ अशी अक्षरे असली तर एक अर्थ, आणि त्यांपुढे सम्राज्ञीपदाचे ‘आय.’ असले तर दुसरा; कारण हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात जाहीर झाला. १९५० नंतर सिंहस्तंभ आला, आणि एकाच वस्तूवर मुकुट व सिंहस्तंभ दोन्ही दिसू लागले तर ती वस्तू खाली ठेवून द्यावी हे उत्तम.

बनावटीचा प्रश्न यालाच लागून येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ सनाची आणि राम-दरबाराच्या चित्राची तांब्यापितळेची ‘नाणी’ आजही जत्राबाजारांत हजारोंनी विकली जातात, वस्तुतः कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. जेथे नाण्यांची ही अवस्था, तेथे पाट्या आणि मुठी सुटतील असे मानणे भोळेपणाचे होय. खरी चपरास बहुधा हाताने कोरलेली वा ठशाने उमटविलेली असते आणि अक्षरांच्या कडा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर अक्षरांच्या पोटात बारीक पुरळ आणि कडांना गुळगुळीतपणा दिसतो. झीज कोठे आहे हे पाहावे : खरोखर वापरलेल्या काठीची मूठ आणि शेंबी झिजते, मधला भाग तितका झिजत नाही, तर बनावट काठी सर्वत्र सारखीच जुनी असते. उर्दू लेखात नुक्ते चुकीच्या अक्षरावर पडले असतील, तर तो कारागीर लिपी न जाणता चित्र उतरवीत होता हे उघड आहे. आणि खरी काठी घेऊन तिच्यावर नवा सन्मानलेख कोरण्याचा प्रकार सर्वांत कपटी. तेथे लेखाच्या खाचांतील मळ आणि भोवतालच्या पृष्ठावरील काळवंडलेपणा यांचे वय जुळते की नाही, हे भिंगाखाली पाहण्यावाचून दुसरा इलाज नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करावयास परवाना लागतो, ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही, आणि शासनाने अधिसूचित केलेल्या वर्गांतील वस्तूंची नोंदणी करावी लागते. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ चा निखातनिधी कायदा लागू होतो. मूठ हस्तिदंताची असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो, आणि साध्या दिसणाऱ्या छडीतून पाते निघाले, म्हणजे ती गुप्ती निघाली, तर शस्त्र अधिनियम; मात्र घरगुती वा शेतीच्या उपयोगाची लाठी आणि साधी हातकाठी यांना त्याच शस्त्र अधिनियमाने व्याख्येतून वगळले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई हुकूम जारी असताना लाठ्याकाठ्या घेऊन फिरण्यास बंदी असते, आणि बीड जिल्ह्यात असे हुकूम सणावारांच्या, मोर्च्यांच्या व निवडणुकांच्या सुमारास वारंवार निघत असल्याने, जुना दंड पाहण्यास घेऊन जाणाऱ्या सद्गृहस्थानेही त्या दिवसांत बेत पुढे ढकलावा हे शहाणपणाचे.

जतनाविषयी सांगावयाचे ते हे की, चिंच, लिंबू व राखेने पितळ लखलखीत करण्याची आपली गृहस्थी सवय या क्षेत्रात घातक आहे, कारण प्रत्येक घासणीबरोबर कोरीव अक्षराची एकेक रेघ जाते. धूळ मऊ फडक्याने पुसावी, लाकूड ओलीपासून व वाळवीपासून दूर ठेवावे, सैल झालेला चांदीचा पत्रा खिळे मारून न बसविता जाणत्या सोनाराकडून पूर्ववत करून घ्यावा, आणि वस्तूस हात लावण्यापूर्वी तिचे व तिच्यावरील लेखाचे स्वच्छ छायाचित्र काढावे.

महाराष्ट्रात अशा उपेक्षित वस्तूंना घर देणारे लोक झाले नाहीत असे नव्हे. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणून ओळखले जाणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, वाद्ये अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवून पुण्यात उभा केलेला संग्रह १९७५ मध्ये शासनास दिला. मराठवाड्यातच पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने शासकीय संग्रहालये आहेत, आणि ती मुळात एकेका माणसाच्या ध्यासातून उगवलेली आहेत. या थोर संग्राहकांची नजर मुख्यतः कलेवर आणि प्राचीनतेवर होती. कचेरीची पाटी, शिपायाचा पट्टा, चोपदाराची काठी, यांना त्या मानाने दुय्यम स्थान मिळाले. ही उणीव भरून काढावयाची तर वस्तूंच्या मागे धावण्याहून लेखांच्या मागे धावणे अधिक फलदायी ठरेल. देवस्थानांचे दंड त्यांच्या मानकऱ्यांच्या हातीच राहिले पाहिजेत, कारण वारीच्या वाटेवर जो दंड अद्याप समुदाय आवरतो, तो काचेच्या कपाटात गेला की त्याच्यावरील लेखाचा अर्थ निम्म्याने उणा होतो. परंतु त्या लेखाची अक्षरशः नक्कल, दात्याचे गाव, वापराचा प्रसंग, मानकऱ्याने सांगितलेली हकीगत, आणि त्यासंबंधी छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयातील वा हैदराबादच्या दप्तरखान्यातील कागदाचा क्रमांक, इतके एका वहीत नोंदले गेले, तर ती वही सोन्याच्या मुठीच्या शंभर छड्यांहून मोलाची ठरेल. लेख नसलेली काठी हे लाकूड आहे, लेख असलेली काठी हा दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजाचे मोल तो कोणाच्या भिंतीवर टांगला आहे यावर नव्हे, तर तो कोणास वाचता येतो यावर ठरते. बीड जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने आपल्या विद्यार्थ्यांस मोडी, नस्तालीक आणि फसली सनाचा हिशेब शिकवून तालुक्या-तालुक्यांतून अशा वह्या भरून घेण्याचे काम अंगावर घ्यावे. त्यास द्रव्य थोडेच लागेल, मात्र ते वाचणारी जुनी माणसे हयात आहेत तोवरच ते होण्यासारखे आहे.